टीव्हीवरचा पॉझिटिव्हिटी रेट ऐकून आपल्या गावाचं काही समजते का?

तुम्ही विचारलं आहे की तुम्ही वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यात राहता, कोरोनात रोज राज्याच्या टेस्टिंगचे आकडे आणि पॉझिटिव्हिटीचा टक्का, म्हणजे शंभर टेस्टमागे किती पॉझिटिव्ह निघाले ते, ऐकायचे, पण त्यावरून आपल्या गावाला धोका आहे की नाही हे कधी समजलंच नाही, मग उद्या परत अशी साथ आली तर हे आकडे कसे पहायचे. प्रश्न खूप मोलाचा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

मी यवतमाळ जिल्ह्यात झेडपी शाळेवर शिक्षक आहे, डॉक्टर नाही. पण २०२० आणि २०२१ मध्ये माझी ड्युटी आधी चेकपोस्टला लागली, मग कॉन्टॅक्ट ट्रेसिंगला, आणि मग तालुक्याला डेटा एंट्रीला बसवलं. तेव्हा रोज रात्री घरी येऊन मी एका वहीत आकडे लिहून ठेवायचो, आज किती नमुने, किती रिपोर्ट, किती पॉझिटिव्ह. ती वही अजून आहे. जे सांगतो ते त्या वहीतून शिकलेलं आहे, आणि काही घरात भोगलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे राज्याच्या रोजच्या बुलेटिनमध्ये जो टक्का असायचा तो त्या दिवसाचा नसायचाच. वाक्य आठवून पहा, "आजपर्यंत तपासण्यात आलेल्या नमुन्यांपैकी इतके टक्के पॉझिटिव्ह". आजपर्यंत म्हणजे साथ सुरू झाल्यापासून आजपर्यंत. हा एकच शब्द लोकांच्या कानावरून निघून जायचा. आता समजा राज्यात आतापर्यंत १ कोटी टेस्ट झाल्या आणि त्यात १५ लाख पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे १५ टक्के. पुढच्या एका आठवड्यात ५ लाख टेस्ट झाल्या आणि त्यात सव्वा लाख पॉझिटिव्ह, म्हणजे त्या आठवड्याचा टक्का झाला २५, चारात एक, भयंकर आहे हे. पण एकूण बेरीज करा, १ कोटी ५ लाखात १६ लाख २५ हजार, टक्का येतो साडेपंधराच्या आसपास. घरोघरी माणसं आजारी पडत आहेत आणि टीव्हीवरचा टक्का अर्धा पॉइंटही हलला नाही. म्हणून आजपर्यंतचा टक्का साथीची दिशा पहायला कामाचा नाही. त्यापेक्षा मागच्या ७ दिवसातले एकूण पॉझिटिव्ह भागिले त्याच ७ दिवसातल्या एकूण टेस्ट, हे स्वतः काढायचं. ७ दिवसच का, तर रविवारी नमुने कमी घेतले जातात, लॅबमध्ये माणसं कमी असतात, मग सोमवार मंगळवारचा आकडा एकदम खाली दिसतो आणि लोक म्हणतात उतरला कोरोना, मग बुधवारी परत चढतो. आठवडा घेतला की हे चढउतार त्यातच जिरून जातात.

दुसरी गोष्ट कापसावरून सांगतो म्हणजे आपल्याकडे लगेच समजेल. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीवर गाडी गेली की ओलावा मोजायचं मॉइश्चर मीटर लावतात, ८ टक्क्याला पूर्ण भाव, १२ च्या वर घेतच नाहीत. आता मीटर वरच्या सुकलेल्या कापसात लावलं तर एक आकडा येईल आणि खाली दबलेल्या, सकाळच्या दवातल्या वेचणीच्या कापसात लावलं तर दुसराच येईल, गाडी तीच, शेतकरी तोच. पॉझिटिव्हिटीचं अगदी तसंच आहे. मीटर कुठे लावलं, म्हणजे टेस्ट कोणाची केली, हे माहीत नसेल तर टक्क्याला अर्थ नाही. फक्त तापानं फणफणलेल्यांची टेस्ट केली तर टक्का मोठा येणारच, रस्त्यावरच्या धडधाकट माणसांना थांबवून टेस्ट केली तर तो लहान येणारच.

हे आमच्या तालुक्यात कसं झालं ते सांगतो. २०२१ च्या मार्चमध्ये दुकानं उघडी ठेवायची तर दुकानदारांनी टेस्ट करायची असं ठरलं आणि बाजारात अँटिजेनचे, म्हणजे जागेवरच लगेच रिपोर्ट देणाऱ्या रॅपिड टेस्टचे, कॅम्प लागले. चांगलीच गोष्ट होती ती, मी कॅम्पच्या विरोधात नाही. पण वहीत काय झालं ते पहा, समजायला सोपे गोल आकडे घेतो. एका आठवड्यात २०० आरटीपीसीआर, म्हणजे नमुना लॅबला पाठवून करायच्या टेस्ट, त्यात ५० पॉझिटिव्ह, २५ टक्के. पुढच्या आठवड्यात २०० आरटीपीसीआर, त्यात ५६ पॉझिटिव्ह, म्हणजे २८ टक्के, आणि सोबत दुकानदारांच्या ६०० अँटिजेन, त्यात १२ पॉझिटिव्ह. सगळं एकत्र केलं तर ८०० त ६८, साडेआठ टक्के. २५ वरून साडेआठ. कागदावर साथ तीन पट उतरली आणि गावात ती वाढत होती. मीही तेव्हा फसलो, ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर मीच टाकलं की तालुक्याचा रेट उतरतो आहे, जरा धीर धरा. त्या मेसेजचं मला आजही वाईट वाटते.

कारण त्याच दिवसांत माझ्या काकाजींना ताप आला. शेतातून आले, अंग दुखते म्हणाले, खोकला होता. कॅम्पवर अँटिजेन केली, निगेटिव्ह. काकू म्हणाली, "बरं झालं बापा, साधा ताप आहे." आयसीएमआरनं, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, जून २०२० मध्ये अँटिजेनला परवानगी दिली तेव्हाच सांगितलं होतं की लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करायलाच पाहिजे, कारण पहिल्या ज्या किटची त्यांनी तपासणी केली तिची पकडण्याची ताकद ५० ते ८४ टक्क्यांच्या मधात होती. म्हणजे खरोखर आजारी असलेल्या दहा माणसांतले दोन ते पाच तिच्यातून सुटू शकतात. पॉझिटिव्ह आली तर ती खरी, निगेटिव्ह आली तर भरवसा नाही. हे कॅम्पवर काकाजींना कोणी सांगितलं नाही, आणि घरातला शिकलेला माणूस म्हणून मी विचारलं नाही. पाच दिवस ते घरात सगळ्यांच्या मधात होते. सहाव्या दिवशी ऑक्सिजन ८६, मग आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. काकाजी अकरा दिवसांनी घरी आले. काकूला तोपर्यंत झाला होता, तिला बेड मिळेपर्यंत उशीर झाला, ती नाही आली.

आकड्यांच्या हिशोबात पहाल तर कॅम्पच्या दिवशी काकाजी "निगेटिव्ह" म्हणून मोजले गेले आणि त्यांनी तालुक्याचा टक्का थोडा खाली आणला. हे लिहिताना हात थांबतो, पण टक्क्यात काय लपते हे यापेक्षा स्पष्ट मला सांगता येत नाही. म्हणून परत साथ आली तर आरटीपीसीआरचा टक्का वेगळा आणि रॅपिडचा वेगळा, असाच मागा. सरकारलाही हे नंतर पटलंच, जून २०२१ मध्ये जिल्ह्यांचे पाच स्तर ठरवले होते ना, ५ टक्क्याच्या खाली पहिला दुसरा स्तर, ५ ते १० तिसरा, १० ते २० चौथा, २० च्या वर पाचवा, आणि सोबत ऑक्सिजन बेड किती भरले तेही पहायचे, त्यात २५ जूनच्या आदेशात स्पष्ट केलं की टक्का धरायचा तो फक्त आरटीपीसीआरचा. ऑक्सिजन बेडची अट मला त्यातली सगळ्यात चांगली वाटली, कारण टेस्ट कमी करून टक्का कसाही दाखवता येतो, भरलेला बेड लपवता येत नाही.

टेस्ट किती झाल्या हेही टक्क्यासोबत पहावंच लागते, एकटा टक्का पाहून उपयोग नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा हवाला देऊन केंद्र सरकार सांगायचं की १० लाख लोकसंख्येमागे दिवसाला १४० टेस्ट तरी पाहिजेत. आपल्या यवतमाळ जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार, म्हणजे दिवसाला ३८८ च्या वर टेस्ट ही अगदी किमान मर्यादा झाली. तुमच्या वाशीमचे साधारण १२ लाख धरा, १६८ टेस्ट. त्यापेक्षा कमी होत असतील तर टक्का कितीही गोड दिसो, समजायचं की आपण अंधारात चाललो आहोत. आणि टेस्ट वाढल्या तरी टक्का वाढतच असेल तर साथ टेस्टिंगच्या पुढे पळते आहे. टेस्ट वाढल्या आणि टक्का उतरला, आरटीपीसीआरचा, तेव्हा थोडा श्वास घ्यायचा. ५ टक्क्याच्या खाली सलग दोन आठवडे, हे माप त्याच संघटनेनं मे २०२० मध्ये दिलं होतं. त्यातला सलग दोन आठवडे हा भाग आपल्याकडे सगळे विसरायचे, तीन दिवस कमी आलं की लग्नाचे मांडव पडायचे.

तिसरी गोष्ट तारखेची. आज जाहीर झालेला आकडा आजच्या आजाराचा नसते. आमच्याकडे पहिल्या लाटेच्या सुरुवातीला नमुने गाडीनं दूरच्या लॅबला जायचे, नागपूरच्या मेयो या सरकारी दवाखान्याच्या लॅबवर सगळ्या विदर्भाचा भार होता, नंतर अकोला, यवतमाळ, सेवाग्राम, अमरावती विद्यापीठ अशा लॅब सुरू होत गेल्या तसा वेळ कमी झाला. पण एप्रिल २०२१ मध्ये परत रिपोर्टला चार पाच दिवस लागायला लागले. माणसाला लागण होऊन लक्षणं यायला काही दिवस, तो अंगावर काढणार दोन दिवस, मग नमुना, मग रिपोर्ट. म्हणजे आजचा टक्का साधारण दहा दिवसांआधीची गोष्ट सांगत असते. मृत्यूचा आकडा तर त्याच्याही मागे. जून २०२१ मध्ये राज्यानं मागचे राहून गेलेले मृत्यू जुळवून यादीत टाकले तेव्हा बुलेटिनमध्ये एकदम मोठे आकडे दिसले आणि लोकांना वाटलं परत लाट आली. आमच्या काकूच्या आठवड्यात गावात पाच जणं गेली होती आणि मी एंट्री केलेल्या कागदात एकच होता.

आणि आता तुमचा मुख्य मुद्दा, राज्य आणि आपलं गाव. राज्याचा आकडा म्हणजे मुंबई पुणे ठाणे, तिकडे टेस्ट जास्त, माणसं जास्त, त्यांचंच वजन पडते. फेब्रुवारी २०२१ आठवा. राज्यातले बरेच लोक समजत होते की कोरोना संपत आला, आणि आपल्या इकडे अमरावती, अकोला, यवतमाळमध्ये पेशंट झपाट्यानं वाढत होते. २२ फेब्रुवारीच्या रात्री ८ पासून अमरावती आणि अचलपूर शहरात लॉकडाऊन लागला तेव्हा पुण्यातला माझा मित्र फोनवर म्हणे, "तुमच्याकडेच काय झालं एवढं?" त्याच्यानंतर महिना उलटून २४ मार्चला केंद्रानं सांगितलं की महाराष्ट्रातल्या काही नमुन्यांत दोन म्युटेशन, म्हणजे विषाणूतले बदल, एकत्र सापडले आहेत, आणि १८ एप्रिलला राज्यात एका दिवसात ६८ हजारांच्या वर पेशंट निघाले. म्हणजे पूर्ण राज्यावर जे आलं ते दोन महिने आधी विदर्भातल्या जिल्ह्यांच्या आकड्यात दिसत होतं, राज्याच्या सरासरीत ते बुडून गेलं होतं. म्हणून आधी आपला जिल्हा पहा, जमलं तर तालुका पहा, आणि शेजारचे दोन जिल्हे पहा. तुम्ही वाशीमचे, तर अकोला आणि यवतमाळ पहाच, कारण आपली माणसं दवाखान्याला, बाजाराला, सोयरिकीला तिकडेच जातात.

२०२२ च्या जानेवारीत तर टक्का आणखीच कमी भरवशाचा झाला. मे २०२१ मध्ये घरी करायच्या किटला परवानगी मिळाली होती, ओमिक्रॉन या कोरोनाच्या नव्या प्रकाराच्या वेळी लोक मेडिकलमधून किट आणून घरीच पहायचे, कुठे कळवायचे नाहीत. त्यातच १० जानेवारीला आयसीएमआरनं सांगितलं की पॉझिटिव्हच्या संपर्कातला माणूस वयस्कर किंवा जोखमीचा नसेल, लक्षणं नसतील, तर टेस्टची गरज नाही. नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही, पण ज्या दिवशी टेस्टचा नियम बदलतो त्या दिवसाच्या आधीचा टक्का आणि नंतरचा टक्का एकाच ओळीत लावून तुलना करायची नाही. मी वहीत तिथे आडवी लाल रेघ मारलेली आहे.

आकडे मिळणार कुठून, हा प्रश्न राहतोच. तेव्हा कोविड१९इंडिया नावाची साइट होती, स्वयंसेवक पोरं जिल्ह्यांचे आकडे रोज गोळा करायची, फार मोठं काम होतं ते, ऑक्टोबर २०२१ अखेर त्यांनी बंद केलं. पुढच्या वेळी तसं कोणी उभं राहील याच्या भरवशावर बसू नका. जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट निघते, लोकल पेपरला येते, तिचं कात्रण ठेवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन नम्रपणे विचारा की या आठवड्यात नमुने किती घेतले, त्यात आरटीपीसीआर किती, पॉझिटिव्ह किती. तिथली माणसं कामानं दबलेली असतात, भांडायला जाऊ नका, माहिती मागायला जा, बहुतेक जण सांगतात. आणि गावाची खरी खबर आशाताईजवळ असते. "माझे कुटुंब माझी जबाबदारी" मध्ये सप्टेंबर २०२० ला ह्याच बाया घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या होत्या, कोणाच्या घरी खाट पडली आहे हे लॅबच्या आधी त्यांना माहीत असायचं. गावात एका आठवड्यात तापाचे पेशंट दुप्पट झाले असतील तर टक्क्याची वाट पहायची नाही, म्हाताऱ्यांना वेगळ्या खोलीत झोपवा, तेराव्याला आणि लग्नाला जाणं थांबवा, तापाच्या माणसाची आरटीपीसीआर करा.

मी अजूनही पावसाळ्यात डेंग्यूच्या दिवसांत दर सोमवारी शाळा सुटल्यावर आमच्या आशाताईला तीन आकडे विचारतो, तापाचे किती, त्यातले कितींचं रक्त घेतलं, रिपोर्ट कितींचा आला. ती म्हणते, "गुरुजी, तुम्ही येण्याच्या आधीच लिहून ठेवलं आहे." तुमच्या गावातही कोणी असं विचारणारं असेल तर त्याला हे उत्तर दाखवा, आणि वही कशी आखायची ते पाहिजे असेल तर इथेच कॉमेंटमध्ये विचारा, मी पानाचा फोटो टाकतो.