पंखा फिरतोय, स्क्रीन मात्र काळी

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. गणपतीला पंधरा दिवस गावी गेलो होतो, जाताना कॉम्प्युटर नीट बंद करून प्लग काढून गेलो. आल्यावर चालू केला तर लाइट लागते, आतला पंखा फिरतो, पण मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतं आणि थोड्या वेळाने तोही झोपतो. मशीन सात वर्षं जुनं आहे, ग्राफिक्स कार्ड वगैरे काही नाही. दुकानवाल्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला मदरबोर्ड उडाला, या पिढीचा बोर्ड आता मिळत नाही, नवीनच घ्या. मी घरी ट्यूशन घेते, सगळ्या नोट्स त्यात आहेत. त्या गेल्या का? आणि नवीन घ्यायलाच लागेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, आधी नोट्सचं सांगतो म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. नोट्स हार्ड डिस्कवर असतात आणि स्क्रीन न येण्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही, अगदी उद्या बोर्ड खरंच गेलाय असं निघालं तरी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की नोट्स दिसतील.

आता दुकानवाल्याचं. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, बोर्ड जातात, पण दोन मिनिटांत ते कळत नाही. पंखा फिरतोय म्हणजे वीज पोचतेय एवढंच सिद्ध होतं. आणि ‘नो सिग्नल’ तुम्हाला दिसतंय म्हणजे मॉनिटर जिवंत आहे, त्याला फक्त चित्र मिळत नाहीये. गावी जाताना प्लग काढलेत तेव्हा मागच्या वायरी ओढल्या गेल्या असतील, तर मॉनिटरची वायर दोन्ही टोकांना काढून परत घट्ट लावा आणि मॉनिटरच्या मेनूत जाऊन सोर्स, म्हणजे चित्र कुठल्या वायरीतून घ्यायचं ते, बघा, वायर निळ्या पिनची व्हीजीए आणि सोर्स एचडीएमआयवर असं असेल तर जन्मभर नो सिग्नलच येणार. 

मग एक फुकटची टेस्ट. मशीन चालू करून मिनिटभर थांबा आणि कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याची लाइट लागते-विझते का? लागत असेल तर कॉम्प्युटर आत व्यवस्थित चालू झालाय, फक्त चित्र बाहेर येत नाहीये, म्हणजे दोष वायरीत किंवा पोर्टमध्ये शोधायचा, शेजाऱ्यांची वायर आणून लावून बघा. लाइट ढिम्म राहिली तर मशीन सुरुवातीच्या स्वतःच्या तपासणीतच अडकलंय, आणि तुमच्याकडे हेच झालं असणार असं मला वाटतं, कारण पावसाळ्यात पंधरा दिवस बंद खोली, शेजारी खाडी, ती दमट हवा, आणि आत सात वर्षांची धूळ. अशा वेळी पहिला संशय रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर, घ्यायचा. रॅमच्या पट्टीच्या कडेला सोनेरी पिना असतात, त्यांच्यावर ओल आणि धूळ मिळून एक पातळ थर बसतो, तेवढ्यानेही संपर्क तुटतो. मशीन रोज चालू असतं तेव्हा आतल्या उबेने ओल टिकत नाही, बंद पडून राहिलं की ती बसते.

तर असं करा. भिंतीवरचं बटण बंद, प्लग बाहेर, मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, आत साठलेली थोडीफार वीज निघून जाते. (बरेच जण त्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतात, चालायचंच, दुकानातही तेच म्हणतात.) बाजूचं झाकण मागच्या स्क्रूंनी उघडतं. आत हात घालायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्टॅटिक वीज तिथे उतरते. रॅमच्या टोकाचे क्लिप बाहेर दाबले की पट्टी वर येते. सोनेरी कडेवरून साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा, मग स्वच्छ कापडाने कण झटका. खोडरबर जोरात घासायचा नाही, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर ते जास्त चांगलं. स्लॉटमध्ये कोरडा मऊ ब्रश फिरवा, तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात आणि आपण ओल घालवायला बसलोय. मग पट्टीची खाच जुळवून दोन्ही टोकं क्लिक होईपर्यंत दाबा. काही बोर्डांना क्लिप एकाच बाजूला असतो, तिथे दुसरं टोक बसल्यासारखं दिसतं पण बसलेलं नसतं, मी स्वतः यात एक अख्खा रविवार घालवलाय. पट्ट्या दोन असतील तर एकावेळी एकच लावून बघा, स्लॉटही बदलून बघा.

तरी नाही आलं तर बोर्ड मेलाय की नाही हे बोर्डालाच विचारायचं. प्लग काढून सगळी रॅम बाहेर काढा आणि रॅमशिवाय चालू करा. बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर लांब किंवा परत परत बीप येतात, काही बोर्डांवर बारीक लाइट असतात त्यातली रॅमची लागते. ती तक्रार ऐकू आली की समजा प्रोसेसर आणि बोर्ड दोघंही शुद्धीवर आहेत, रॅम नाही म्हणून ओरडतायत, आणि दुकानवाल्याचा निकाल चुकला. पण उलटं गृहीत धरू नका हं, बऱ्याच कॅबिनेटमध्ये स्पीकर नसतोच, त्यामुळे शांतता म्हणजे मरण असं नाही. चारेक पिनांचा तो स्पीकर अगदी किरकोळ पैशात मिळतो, घेऊन ठेवाच.

यानंतर उरलं ते थोडक्यात. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, ३ व्होल्टचा, प्लग काढलेला असताना पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा आणि परत लावा, सात वर्षांत बदलला नसेल तर नवाच लावा. याने बायोसची, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमची, सेटिंग मूळ पदावर येतात, मग तारीख चुकलेली दिसेल आणि एफ१ दाबा म्हणेल, घाबरायचं नाही. प्रोसेसरजवळ ४ किंवा ८ पिनांचा वेगळा पॉवर कनेक्टर असतो तो सैल नाही ना बघा, तो निघाला तरी पंखे मस्त फिरतात आणि स्क्रीन मात्र येत नाही. बोर्डावरचे छोटे दंडगोल कॅपॅसिटर वरून फुगलेत किंवा त्यांच्यातून काही गळलंय असं दिसलं, तर मात्र दुकानवाला बरोबर होता. आणि एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा, डबा कधीही उघडू नका, प्लग काढला तरी आत धोकादायक वीज साठून राहते. त्याचा संशय असेल तर दुसरा एसएमपीएस लावून बघायला सांगा, नवीन मशीनचं बोलणं त्यानंतर.

प्रश्न : मुलाने नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, तेव्हापासून काहीच दिसत नाही. कार्डाचे पंखे फिरतायत. कार्ड परत करू का?
— घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : थांबा, परत करू नका. मॉनिटरची वायर कुठे लावलीये? मागे बघा, यूएसबीच्या आजूबाजूला उभं एचडीएमआय आहे ते बोर्डाचं, आणि खाली आडव्या पट्टीत आहे ते कार्डाचं. नवीन कार्ड लावलं की वायर खाली न्यायची, सवयीने ती जुन्याच जागी जाते आणि बरेच बोर्ड कार्ड दिसलं की स्वतःचं आउटपुट बंद करून टाकतात. वायर बरोबर असेल तर कार्डाच्या डोक्यावर ६ किंवा ८ पिनांची जागा आहे का आणि तिथे एसएमपीएसची वायर लावलीये का ते बघा. तरीही नाही तर कार्ड काढून वायर बोर्डाला लावा आणि चालू करा. फक्त ही शेवटची टेस्ट करायच्या आधी प्रोसेसरचं नाव बघा, इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल, म्हणजे आय५-१२४००एफ सारखं, किंवा रायझन ५ ५६०० असेल, तर त्यात चित्र काढायची सोयच नाही, कार्ड काढल्यावर बोर्डाच्या पोर्टातून काळंच दिसणार आणि तुम्हाला वाटेल आता बोर्डही गेला. ५६००जी असेल तर दिसेल.

प्रश्न : रिटायर झाल्यावर हौसेने नवीन डेस्कटॉप जुळवून घेतला, डीडीआर५ रॅमचा. घरी आणून पहिल्यांदा लावला तर स्क्रीन काळी. मी तीन वेळा बंद करून चालू केला, तरी तेच. दुकानात तर चालला होता!
— कोपरखैरणे

उत्तर : काका, तुम्ही बहुतेक घाई केलीत. डीडीआर५ ची मशीनं पहिल्यांदा चालू होताना, किंवा बायोस रिसेट झाल्यावर, रॅमचा अंदाज घेत बसतात, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि तेवढा वेळ स्क्रीनवर काहीही येत नाही. हे काही मिनिटं चालू शकतं, रॅम जास्त असेल तर आणखी. तुम्ही दर वेळी मध्येच बंद केलंत की ते बिचारं पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. रिक्षातून आणताना रॅम हलली असेल म्हणून एकदा दाबून बघा, चार स्लॉट आणि दोन पट्ट्या असतील तर साधारण प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटात असायला पाहिजेत. मग चालू करा आणि पंधरा मिनिटं बटणाला हात लावू नका. तोवर चहा टाका. पंधरा मिनिटांनीही काळीच राहिली तर बोर्डावरची कुठली बारीक लाइट लागून राहिलीये, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए की बूट, त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो घेऊन दुकानात जा.