सी३ कॉर्व्हेट: डावा हेडलाइट उशिरा वर येतो, अर्ध्या तासाने दोन्ही अडतात

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. सी३ म्हणजे शेव्हरोले कॉर्व्हेटची तिसरी पिढी. हिचे झाकलेले हेडलाइट इंजिनाच्या व्हॅक्यूमने, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या दाबाने, वर येतात. हा व्हॅक्यूम एका टाकीत साठतो आणि नळ्यांनी दोन्ही बाजूंना जातो. १९७१ च्या कॉर्व्हेटचा डावा हेडलाइट उजव्यापेक्षा उशिरा वर येतो, आणि इंजिन बंद करून अर्धा तास झाला की दोन्ही जागचे हलत नाहीत. लगेच सगळ्या नळ्या बदलायला घेऊ नका. एकाच बाजूचा मंदपणा बहुतेक त्या बाजूच्या फांदीतला, म्हणजे टाकीपासून तिकडे जाणाऱ्या नळ्या-भागांतला असतो. दोन्ही बाजू अडणं मात्र दोन कारणांनी होतं: सामाईक भाग गळतो, किंवा डाव्या फांदीतली गळतीच टाकी रिकामी करते. म्हणून सामाईक भाग आधी तपासून संशयातून मोकळा करा.

त्यासाठी गेज असलेला व्हॅक्यूमचा हातपंप, दोन-तीन टी (तीन तोंडांचे जोड) आणि नळ्या बंद करायला बुचं लागतील. इंजिन गरम करून आयडलिंगवर (एक्सलरेटर न दाबता) मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याचा व्हॅक्यूम मोजा. निरोगी इंजिनावर काटा साधारण १७ ते २१ इंचांवर (पाऱ्याचे इंच) स्थिर राहतो. उंचीवर दर हजार फुटांमागे अंदाजे एक इंच कमी धरा. जोरदार कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, जास्त ताकदीसाठी बनवलेला) असेल तर काटा बराच खाली दिसतो, तो दोष नव्हे. काटा ठराविक तालात फडफडत असेल तर मात्र इंजिनाच्या व्हॉल्व्हकडे बघा. हेडलाइटच्या नळ्यांत वेळ घालवू नका.

आता चेक व्हॉल्व्ह काढा, म्हणजे इंजिन आणि टाकी यांच्यामधला, हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. एका दिशेने फुंकर जायला हवी, उलट्या दिशेने अजिबात नाही. थोडीशीही गेली तर बदला. पूर्ण थ्रॉटल दिला की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो, आणि तेव्हा टाकीतला साठा हाच व्हॉल्व्ह राखतो. मग टाकीच्या बाकी तोट्या बंद करून हातपंपाने २० इंचांपर्यंत ओढा आणि पाच मिनिटं थांबा. काटा हलायला नको. पत्र्याची टाकी सहसा गंजून भोकं पडल्यावरच गळते. ही भोकं नुसत्या डोळ्यांनी दिसतीलच असं नाही, म्हणून पंपावर विश्वास ठेवा.

टाकी धरून असेल तर पुढच्या फांद्या एकेक जोडत जा. प्रत्येक फांदी जोडल्यावर पंप मारा. ज्या फांदीने काटा पडला, गळती तिच्यात. डॅशबोर्डवरचा हेडलाइट स्विच आणि स्टीअरिंग कॉलमखालचा हाताने हेडलाइट उचलण्याचा स्विच या यादीत आवर्जून घ्या. आतलं रबर कडक झालं की तिथे हवेची हलकी फुसफुस ऐकू येते. नळी जुनी, कडक असेल तर पकडीने चिमटू नका, तडकते. त्यापेक्षा काढून बूच लावा.

आता डावी फांदी. रिले म्हणजे प्रत्येक हेडलाइटचा व्हॅक्यूम वळवणारा व्हॉल्व्ह. त्याला जाणारी बारीक नळी नुसता इशारा देते. खरं काम जाड नळ्यांचा व्हॅक्यूम करतो. दोन्ही रिले अदलाबदल करा, नळ्या एकेक करून. मंदपणा उजवीकडे गेला तर रिले दोषी. नाही गेला तर डाव्या ॲक्च्युएटरच्या, म्हणजे हेडलाइट ढकलणाऱ्या व्हॅक्यूमच्या डब्याच्या, दोन्ही नळ्या काढा आणि एका तोटीवर पंप लावा, दुसरी मोकळी ठेवा. मग उलट करून बघा. १५ ते २० इंच एक मिनिट टिकायला हवेत. नाही टिकले, आणि मोकळ्या तोटीवर बोट ठेवताच काटा थांबला, तर डायफ्रॅम (डब्याचे दोन भाग करणारा रबरी पडदा) फाटलं आहे. गळती दांड्याच्या बाजूच्या तोटीवरच दिसली आणि बोटाने थांबली नाही, तर दांड्याभोवतीचं सील गेलं आहे.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. ॲक्च्युएटर दोन्ही बाजूंनी काम करतो. एका बाजूने ओढताना दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा मिळायलाच हवी. रिलेची हवेची वाट धुळीने चोंदली असेल, तर एक थेंबही गळती नसताना हेडलाइट सुस्त चालतो. म्हणून गेज उत्तम दाखवत असेल तर नळी बदलण्याआधी ही वाट साफ करा. मग दांडा सोडवून हेडलाइट हाताने वर-खाली करा. जड वाटला तर बिजागरी आणि बुश यांना तेल-ग्रीस हवं आहे. हे करताना इंजिन बंद असू द्या आणि व्हॅक्यूम काढून टाका. अचानक बंद होणाऱ्या हेडलाइटमध्ये बोटं सापडतात.

गळती शोधायला गरम इंजिनावर कार्ब्युरेटर क्लीनर फवारू नका. आग लागू शकते, आणि डायफ्रॅमचं रबरही खराब होतं. नवी नळी व्हॅक्यूमसाठीचीच आणि मूळ आतल्या व्यासाची घ्या. पातळ भिंतीची सिलिकॉन नळी वळणावर चपटी होऊन वाट बंद करते. ब्रेक बूस्टरच्या (व्हॅक्यूमने ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या भागाच्या) नळीवर टी लावून हेडलाइटला व्हॅक्यूम देण्याचा सल्ला कुणी दिला तरी तसं करू नका. हेडलाइटकडची गळती मग ब्रेकची मदत खाते, आणि पेडल नेमकं गरजेच्या वेळी कडक होतं.

सगळं जोडून झालं की इंजिन दोन मिनिटं चालवा, हेडलाइट खाली असताना इंजिन बंद करा आणि अर्ध्या तासाने स्विच ओढा. टाकीतल्या साठ्यावर दोन्ही हेडलाइट किमान एकदा पूर्ण वर यायला हवेत. दोन्ही वर आले पण डावा अजूनही मागे राहिला, तर टाकी सोडून द्या आणि पुन्हा त्या रिलेच्या हवेच्या वाटेकडे या.