धावून झाल्यावर घाल!

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. बरोबरीच्या सगळ्याजणी काफ स्लीव्ह, म्हणजे पोटरीवरच्या घट्ट बाह्या, चढवून शर्यतीला उभ्या राहतात आणि तू एकटीच उघड्या पायांनी, म्हणून तू मागे पडतेस असं तुला वाटतं. अगं, तू मागे पडतेस ती शेवटच्या दोन किलोमीटरला, आणि का ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. आज त्यावर बोलत नाही.

कॉम्प्रेशनने, म्हणजे पाय आवळून धरणाऱ्या अशा स्लीव्ह, मोजे, टाइट्सनी, वेग वाढत नाही. यावर पुष्कळ अभ्यास झाले, बहुतेकांत धावण्याच्या वेळेत म्हणावा असा फरक दिसला नाही. पावलागणिक पोटरीचा स्नायू थरथरतो, ती थरथर घट्ट कापडाने कमी होते हे खरं. पाय आवळलेला, भक्कम वाटतो हेही खरं. पण घड्याळाला त्याचं काही नाही. उपयोग आहे तो नंतर. उतारावर धावलीस किंवा जड स्क्वॉट्स मारलेस की पुढच्या 24 ते 72 तासांत पाय सर्वांत जास्त ठणकतात. तेव्हा टाइट्स घातलेल्या असल्या तर दुखणं थोडं कमी जाणवतं, ताकदही जरा लवकर परत येते. म्हणून सांगतो, धावून झाल्यावर घाल. विकणारा म्हणेल, याने जोरात धावताना स्नायूंत साचणारं लॅक्टिक ॲसिड निघून जातं. ते तासाभरात आपोआपच ओसरतं, त्यासाठी पैसे कशाला?

आता माप. उंची-वजनावरून मीडियम-लार्ज ठरवू नकोस. सकाळी, पाय सुजलेले नसताना, घोट्याच्या वरची सगळ्यात बारीक जागा आणि पोटरीचा सगळ्यात जाड भाग टेपने मोज. चांगल्या मोज्याचा दाब घोट्यापाशी जास्त आणि गुडघ्याकडे कमी कमी होत जातो, म्हणजे शिरांतलं रक्त वर सरकायला मदत होते. वरचा काठ दुमडलास की तिथेच दुप्पट आवळतं आणि सगळा हिशेब उलटा होतो. चढवताना खटपट झाली पाहिजे. पण बोटांना मुंग्या आल्या किंवा नखं निळसर दिसली तर ताबडतोब काढ.

आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. शर्यत संपली की तसेच गाडीत तासन्‌तास पाय लोंबकळत बसायचो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरायचो. त्याची हळहळ अजून वाटते, म्हणून परतीच्या प्रवासात मोजे घाला असं मी सगळ्यांच्या मागे लागतो. सर हट्टी आहेत, शर्यतीत स्लीव्ह घालू देत नाहीत, असं मागे बोलतात ते मला कळतं. साफ चूक! शर्यतीच्या दिवशी नवी वस्तू पहिल्यांदा घालू देत नाही, एवढंच. सरावात घालून बघितलीस, बरं वाटलं, तर खुशाल घाल. मी अडवणार नाही. फक्त वेळ सुधारेल म्हणून घालू नकोस. धावून झाल्यावर घाल, हे किती वेळा सांगू?

गरम पाण्यात धुऊ नकोस, ड्रायरमध्ये टाकू नकोस. ताण गेला की तो साधा मोजाच. घेण्याआधी दोन्ही पायांची मापं लिहून पाठव, साइज मी बघून सांगतो.

तुझा,
सर