सकाळी टेकडीवर जाताना पोटात काय हवं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सकाळी सव्वासहाला घरातून निघता, टेकडी चढून-उतरून तासाभरात परत येता. वजन उतरवायचंय. जिममधला मित्र सांगतो, उपाशीपोटीच कर, चरबी जळते. आई म्हणते, निदान दोन बिस्किटं तरी खाऊन जा. अधूनमधून परतीच्या वाटेवर गरगरतं. आणि आता मधुमेह असलेले बाबाही सोबत यायचं म्हणतायत.

गेली चौदा वर्षं मी पहाटे धावते, रविवारी सिंहगड किंवा वेताळ टेकडी, आणि या एका प्रश्नावर निम्म्या ग्रुपशी भांडून झालंय. तुमच्यासाठी उत्तर सोपं आहे. तासाभराच्या चालीला खाल्लं नाही तरी चालतं, खाल्लं तरी चालतं. बाबांचं तसं नाही. त्यांच्याकडे शेवटी येते, ते मात्र नीट वाचा.

आधी गरगरण्याचं. मला स्वतःला हे एकदा चांगलंच शिकायला मिळालंय. आदल्या दिवशी एकादशी होती. दुपारी साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी सहाला एक केळं, बस. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला कोरा चहा घेऊन आतकरवाडीतून सिंहगड चढायला लागले. पाऊण वाट नेहमीसारखी झाली. पुणे दरवाजा दिसायला लागला आणि कानात भुंगा गुणगुणल्यासारखं व्हायला लागलं. गार वारा असून मानेवर घाम, बोटं थरथरतायत, आणि समोरच्या पायऱ्या एकीच्या दोन दिसतायत. वर दह्याची मडकी मांडून बसलेल्या एका आजींनी मला हाताला धरून बसवलं, लिंबू सरबतात साखरेचे दोन चमचे जास्तीचे घातले आणि म्हणाल्या, "उपास देवाचा, त्यात गडाला कशाला ओढायचं?" दहा-पंधरा मिनिटांत मी माणसात आले.

नंतर वाचलं तेव्हा त्यामागचं गणित कळलं. शरीरात साखरेचा साठा दोन ठिकाणी असतो. स्नायूंमध्ये साधारण 300 ते 500 ग्रॅम आणि यकृतात 100 च्या आसपास. यकृतातला साठा म्हणजे घरातलं सामाईक कोठार, तिथून सगळ्यांना वाटप होतं. स्नायूंचा साठा म्हणजे ज्याच्या त्याच्या खोलीतलं कुलूपबंद कपाट. मांडीच्या स्नायूत भरपूर साखर असली तरी ती परत रक्तात येत नाही, मेंदूला तिचा काडीचा उपयोग नाही. आणि मेंदू तर झोपेतही खात असतो, तासाला पाचेक ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे रात्रभरात सामाईक कोठार निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त रिकामं होतं. पायांचं कपाट मात्र जवळजवळ भरलेलंच राहतं.

म्हणून तर पाय "अजून चढू" म्हणतात आणि डोकं गरगरतं. आणि म्हणून सकाळी खावं की नाही याचं निम्मं उत्तर आदल्या रात्रीच्या ताटात असतं. साडेनऊला पोळी-भाजी-भात जेवून झोपलेला माणूस आणि साडेसहाला सूप पिऊन झोपलेला माणूस, दोघंही सकाळी सहाला 'उपाशीपोटी'च असतात, पण त्या दोन उपासांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही वजनासाठी रात्रीचं जेवण कमी केलं असेल, तर गरगरण्याचं पहिलं कारण मी तिथे शोधेन. दुसरं कारण पाणी. रात्रभर एक थेंब पाणी नाही, सकाळी चहाचा अर्धा कप, आणि वर तासभर घाम. उठल्या उठल्या भांडंभर पाणी प्या आणि आठवडाभर बघा. रात्री नीट जेवून, पाणी पिऊन, निघताना अर्धं केळं खाऊनही गरगरत असेल, तर मात्र प्रयोग थांबवा आणि रक्तदाब, हिमोग्लोबिन तपासून घ्या. छातीत दडपल्यासारखं वाटलं तर आठवडाभर वगैरे थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

पहाटे उपाशीपोटी घाम गाळायची आपल्याकडे जुनी परंपरा आहे, हा मुद्दा दर वेळी कुणीतरी काढतंच. माझे सासरे तरुणपणी कोल्हापूरच्या एका तालमीत होते. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग हौद्यात लढत, आणि हे सगळं अन्नाचा कण तोंडात न टाकता. हे ते छाती फुगवून सांगतात. पण आदल्या दिवशीचा खुराक विचारला की दूध, तूप, बदाम आणि मटणाची यादी संपतच नाही, आणि लढत संपल्यावर थंडाईचा तांब्या ठरलेला. असं कोठार शिगोशीग भरलेल्या माणसाचं उपाशीपोट वेगळं, आणि रात्री दोन काकड्या खाऊन झोपलेल्या आपल्या आयटीवाल्याचं वेगळं.

आता चरबी. तुमचा मित्र सपशेल खोटं बोलत नाहीये. रिकाम्या पोटी मध्यम वेगाने चाललं की त्या तासात शरीर चरबी जास्त प्रमाणात वापरतं, हे खरं आहे. पण हिशेब त्या तासाचा नसतो, दिवसाचा आणि आठवड्याचा असतो. सकाळी चरबी जास्त वापरली, तर उरलेल्या दिवसात ती कमी वापरली जाते. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास आहे. 20 तरुण मुली, चार आठवडे, आठवड्यातून तीन दिवस तासभर व्यायाम. सगळ्यांचा आहार बेताचा. निम्म्या मुली व्यायामाआधी खायच्या, निम्म्या नंतर. वजन आणि चरबी दोन्ही गटांत उतरली, आणि दोन गटांत दखल घ्यावा असा फरक निघाला नाही. अभ्यास लहान आहे, कबूल. पण 'उपाशी राहिलं की दुप्पट चरबी जळते' म्हणणाऱ्यांकडे तेवढंही नसतं.

आमच्या टेकडीवर मी जे बघते ते सांगू? तासभर चढ-उतार करून फार तर तीनशे कॅलरी खर्च होतात. मग खाली आल्यावर टपरीवर चहा, क्रीमरोल, आणि शनिवार असेल तर "आज चालतंय" म्हणून मिसळ, वर एक्स्ट्रा पाव. उपाशीपोटी गेलेली मंडळी तिथे जास्त तुटून पडतात. मीही पडायचे. निघताना अर्धं केळं खाल्लं की मला परत आल्यावर घरच्या दोन पोळ्यांवर थांबता येतं. वजनाच्या दृष्टीने मला त्या अर्ध्या केळ्याचा खरा फायदा एवढाच झालाय. तुमचं उलट असू शकतं. काही जणांना सकाळी खाल्लं की दिवसभर भूकच भूक लागते. त्यांनी खुशाल उपाशी जावं.

खायचंच ठरवलं तर काय? निघायला वीस मिनिटं असतील तर अर्धं केळं, दोन खजूर, नाहीतर राजगिऱ्याचा एक लाडू. आईची दोन बिस्किटंही चालतील, त्यावरून घरात महाभारत नको. तेल, तूप आणि दाण्याचं कूट पोटात रेंगाळतं, म्हणून साबुदाण्याची खिचडी, पराठा, शेंगदाण्याचा लाडू हे सगळं परत आल्यावर. गंमत अशी की 'हलकं' म्हणून लोक नेमकी खिचडीच खाऊन येतात आणि पहिल्याच चढाला ढेकरा देत बसतात. दूध काहींना पचतं, मला धावताना ते डचमळतं. चहाबद्दल माझं मत पक्षपाती आहे, कारण त्याशिवाय माझं पोटच साफ होत नाही आणि टेकडीवर ती सोय नाही. ज्यांना ॲसिडिटी आहे त्यांनी नुसत्या चहावर निघू नये, एवढंच.

व्यायाम बदलला की उत्तर बदलतं. जिममध्ये जड वजनं उचलायची असतील किंवा धापा टाकत पळायचं असेल तर काहीतरी खाऊन जा, कारण त्या वेगाला चरबी पुरी पडत नाही, साखरच लागते. सूर्यनमस्कार-योगासनांना पोट रिकामंच बरं. पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांच्यासारखे कडक शिस्तीचे गुरुजीसुद्धा म्हणत की रिकाम्या पोटी जमत नसेल तर आधी चहा, कॉफी किंवा दूध घ्यायला हरकत नाही, पण जड जेवणानंतर चार तास जाऊ द्या. आणि कधी दीड तासाच्या पुढे धावायला लागलात तर उपाशी जाण्याचा हट्ट सोडा. निघण्याआधी एक तास, वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम कर्बोदकं. साठ किलोच्या माणसाला दोन चांगली केळी. मुंबई मॅरेथॉनला आम्ही पहाटे साडेतीनला उठून डोळे मिटलेल्या अवस्थेत केळी आणि जॅम-ब्रेड खातो. पेडर रोडचा चढ नेमका शेवटच्या टप्प्यात येतो, आणि न खाल्लेल्यांचा हिशेब तिथे चुकता होतो.

आता बाबा. पहिला प्रश्न : गोळ्या कोणत्या? नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर धोकादायक खाली जाण्याची शक्यता फार कमी. पण ग्लिमेपिराईडसारखी, शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर त्यांना उपाशीपोटी टेकडीवर नेऊ नका. निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, गोळीची वेळ किंवा मात्रा बदलायची का ते तेच ठरवतील, तुम्ही-मी नाही. पहिले पंधरा दिवस ग्लुकोमीटर वापरा, निघताना आणि परत आल्यावर. अशी औषधं चालू असताना निघतानाचा आकडा 90 च्या खाली असेल तर आधी 15 ते 30 ग्रॅम कर्बोदकं पोटात, म्हणजे एक मध्यम केळं. 70 च्या खाली असेल तर त्या दिवशी चालणं नाही, आधी साखर. आणि 250 च्या वर असून तब्येतही बरी वाटत नसेल तरी चालणं नाही, डॉक्टरांना फोन. परतल्यावर आकडा चांगला आला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, व्यायामाचा असर काही तास टिकतो आणि साखर दुपारी किंवा रात्रीही खाली येऊ शकते.

त्यांना रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे का तेही बघा. त्या औषधाने साखर उतरतानाची धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र येतो. थंडीच्या सकाळी कारण नसताना बाबांना दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळलं, किंवा उगाच चिडचिड करायला लागले, तर आधी बसवा आणि साखर द्या, वाद नंतर घाला. तीन छोटे चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, उतरलेलीच असेल तर पुन्हा तेवढीच. गिळता येत नसेल इतकी शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

खरं तर टाइप दोनच्या मधुमेहाला पहाटेच टेकडी हवी असंही नाही. रात्री जेवल्यावर सोसायटीतल्या सोसायटीत पंधरा मिनिटं फिरले तरी जेवणानंतरची साखर खाली राहायला मदत होते. पण बाबांना तुमच्यासोबत यायचंय, हे मला महत्त्वाचं वाटतं. म्हणून त्यांना न्या. फक्त पहिला महिना पायथ्याची सपाट वाट, चढ नाही. साखरेची पुडी तुमच्या नाही, त्यांच्या खिशात, कारण तुम्ही नेहमी पंधरा पावलं पुढे असणार. आणि ती पुडी प्लास्टिकच्या छोट्या डबीत ठेवा. माझ्या सासऱ्यांच्या खिशातली कागदाची पुडी पावसाळ्यात घामाने भिजून दगड झाली होती, आणि नेमकी गरज पडली तेव्हा आम्ही ती दाताने फोडत बसलो होतो.