घरमालकाच्या गच्चीवरचा कुत्रा आणि भाडेकरूची तक्रार

आपले पत्र मी दोनदा वाचले. आपण इंदूरमध्ये, राजवाड्यामागच्या एका जुन्या घरात भाड्याने राहता. घरमालकांनी गच्चीवर एक कुत्रा जेमतेम दीड हाताच्या साखळीने दिवसरात्र बांधून ठेवला आहे. अकरानंतर टाकीची सावली सरकली की ऊन थेट त्याच्या अंगावर येते, रंगाच्या जुन्या डब्यातले पाणी दुपारपर्यंत आटून जाते, आणि गळपट्टा रुतून मानेला झालेल्या जखमेत आता अळ्या दिसू लागल्या आहेत. आपण पोलीस थान्यावर गेलात, तेव्हा ‘कुत्रा त्यांचाच आहे, यात एफआयआर होत नाही’ असे सांगून आपल्याला परत पाठवले. आता तक्रार पुढे नेली तर घर सोडावे लागेल का, अशी धास्ती आपल्याला वाटते आहे.

थान्यावर जे सांगितले ते अर्धे खरे आहे. प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे, मालक असून पुरेसे अन्न, पाणी वा निवारा न देणे, सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, हे सारे पशू क्रूरता निवारण अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली अपराध आहेत, आणि तो प्राणी स्वतःच्या मालकीचा असला तरी आहेत. मात्र या कलमातले मोजकेच अपराध दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलिसांना एफआयआर नोंदवून तपास करता येतो असे, आहेत, आणि उपाशी ठेवणे किंवा बांधून ठेवणे त्यांत येत नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम ३२५, म्हणजे प्राण्याला ठार मारणे, विष देणे किंवा अपंग करणे, हे दखलपात्र असून त्याला ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परंतु ते नुकसानीच्या अपराधांपैकी असल्यामुळे, कुत्रा मालकाचाच असताना नुकसान नेमके कोणाचे झाले, हा वाद बचावपक्ष नक्की उभा करील. म्हणून आपली सगळी तक्रार त्या एका कलमावर टांगू नये, असे माझे मत आहे.

अर्धे खोटे ते असे की अपराध अदखलपात्र असला तरी पोलिसांचे हात बांधलेले नसतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे आपली माहिती त्यांना नोंदवून घ्यावीच लागते. आपल्याकडे थान्यात यालाच ‘अदम चेक’ म्हणतात. शिवाय १९६० च्या अधिनियमाच्या कलम ३४ खाली, अपराध घडतो आहे असे मानण्यास कारण असल्यास, शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा कोणताही पोलीस अधिकारी प्राणी ताब्यात घेऊन तपासणीसाठी जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यापुढे नेऊ शकतो. आज त्या कुत्र्याला खटल्याआधी उपचारांची गरज आहे, आणि तिथे पोहोचण्याची सर्वांत जवळची वाट हीच आहे. तेव्हा अर्जात ‘कारवाई करावी’ एवढेच मोघम न लिहिता, कलम ३४ प्रमाणे प्राणी तपासणीस न्यावा, अशी स्पष्ट मागणी करा. अर्ज हिंदीत लिहा, दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शिक्क्यासह पावती घ्या. थान्याने तरीही टाळले तर तोच अर्ज पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात द्या.

एवढ्यानेही काही हालले नाही, तर वकिलामार्फत थेट दंडाधिकाऱ्यापुढे फिर्याद दाखल करता येते. त्यासाठी आपण कुत्र्याचे मालक असण्याची गरज नाही. इथे एक मुदत फार घात करते: १९६० च्या अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे अपराध घडल्यापासून ३ महिन्यांनंतर त्या अधिनियमाखाली खटला चालवता येत नाही. माझ्याकडे आलेले एक प्रकरण एवढ्यामुळेच बुडाले. फोटो पुष्कळ होते, पण ते कोणत्या दिवशीचे हे कोणालाच खात्रीने सांगता येईना. म्हणून आजपासून एका वहीत तारीख, वेळ आणि डोळ्यांनी पाहिले तेवढेच लिहा. आपल्या जिन्यातून दिसते तेवढ्याचेच चित्रण करा आणि मूळ फाइल फोनमध्येच ठेवा, कारण न्यायालयात तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबतचे, प्रमाणपत्र द्यावे लागते.

शिक्षेबाबत आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ खाली पहिल्या अपराधाला दंड १० ते ५० रुपये आहे. ३ वर्षांच्या आत पुन्हा अपराध घडला तर २५ ते १०० रुपये, किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अशिलाला हे आकडे सांगताना मला दर वेळी शरम वाटते. तरीही खटला व्यर्थ नाही, कारण दोषसिद्धीनंतर, कुत्रा मालकाकडे राहिल्यास पुन्हा क्रूरता होईल असे न्यायालयाला वाटले, तर त्याच अधिनियमाच्या कलम २९ खाली मालकी काढून घेता येते. खटला चालू असताना कुत्र्याला निवाऱ्यात ठेवून त्याचा खर्च मालकाकडून घेण्याची तरतूद याच अधिनियमाखालच्या २०१७ च्या नियमांत आहे.

कितीही जीव तुटला तरी रात्री गच्चीवर जाऊन साखळी सोडू नका आणि कुत्रा परस्पर कुठे नेऊ नका. चोरीची आणि अनधिकृत प्रवेशाची उलट तक्रार लगेच होईल आणि मूळ प्रकरण बाजूला पडेल.

घराबाबत सांगायचे तर, मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ च्या कलम १२ मध्ये भाडेकरूला काढण्याची कारणे ठरवून दिली आहेत, आणि पोलिसांत खरी तक्रार देणे हे त्यांपैकी एक नाही. भाडे वेळेवर व बँकेतूनच द्या आणि जिन्यात शब्दाला शब्द वाढू देऊ नका, म्हणजे उपद्रवाचे निमित्त त्यांना मिळणार नाही. अर्जाचा मसुदा आणि भाडेकरार घेऊन या आठवड्यातच एखाद्या वकिलाला भेटा. थान्यात अर्ज देणे मात्र त्या भेटीसाठी थांबवू नका, कारण अळ्या पडलेली जखम तोवर थांबणार नाही.