विवाहपूर्व करारासाठी स्टॅम्पपेपर आणि सह्या पुरेशा आहेत का?

प्रश्न : आम्हा दोघांचाही हा दुसरा विवाह आहे. होणाऱ्या पतीचा स्वतःचा व्यवसाय आहे, तर माझ्या नावावर घर असून पहिल्या विवाहापासून मला एक मुलगी आहे. इंटरनेटवरचा मसुदा स्टॅम्पपेपरवर छापून दोन साक्षीदारांसमोर सह्या केल्या, तर विवाहपूर्व करार कायदेशीर ठरेल का? पुढे परदेशी स्थायिक होण्याचाही विचार आहे.

उत्तर : तेवढ्याने भागणार नाही. लेखी मजकूर, सह्या आणि साक्षीदार हवेतच. पण उद्या वाद उभा राहिला, तर त्या सह्या कोणत्या परिस्थितीत झाल्या, याची न्यायालय बारकाईने चौकशी करते. दोघांनी आपली खरी आर्थिक स्थिती उघड केली होती का, आपण कोणता हक्क सोडत आहोत हे प्रत्येकाला उमगले होते का आणि नकार देण्याइतकी मोकळीक होती का, यांवर बरेच काही ठरते.

म्हणून मसुद्याला हात घालण्याआधी दोघांनीही आपापली यादी करावी. तिच्यात घर, ठेवी, शेअर आणि विम्याबरोबर देणीही यावीत. कुणाच्या कर्जाला जामीन राहिला असाल, तर तेही लिहावे. प्रत्येक रकमेपुढे ती कोणत्या तारखेची आहे याची नोंद करावी, व्यवसायाचा अलीकडचा ताळेबंद जोडावा आणि या परिशिष्टांच्या पानापानावर दोघांच्या सह्या घ्याव्यात. लपवलेली एखादी ठेव पुढे उघडकीस आली, तर संपूर्ण करारच अडचणीत येऊ शकतो. वकीलही दोघांचे वेगवेगळे असावेत. फी वाचवण्यासाठी एकाच वकिलाकडे जाणे मला धोक्याचे वाटते, कारण ‘मला माझ्या हिताचा सल्ला मिळालाच नाही’ या तक्रारीला मग उत्तर उरत नाही.

सह्या विवाहाच्या तोंडावर करू नयेत. कॅलिफोर्नियात तर अंतिम मसुदा हाती आल्यापासून सहीपर्यंत किमान ७ दिवस जावे लागतात. जर्मनीत असा करार नोटरीपुढेच करावा लागतो. इंग्लंडमध्ये तो न्यायालयावर आपोआप बंधनकारक नसतो. मात्र स्वेच्छेने आणि परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून केलेला करार, तो लागू करणे अन्यायाचे ठरत नसेल तर, मानावा, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये रॅडमाकर खटल्यात म्हटले. भारतात गोव्यातील नागरी संहितेत अशा कराराला स्थान आहे. इतरत्र १८७२ च्या करार कायद्याची कसोटी लागते आणि त्याच्या कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्धची अट रद्दबातल ठरते. त्यामुळे ‘पोटगी कधीच मागणार नाही’ अशा अटीवर विसंबू नये. परदेशी जाणार असाल, तर कोणत्या देशाचा कायदा लागू व्हावा हे करारात लिहावे आणि तेथील वकिलाकडून मसुदा आधीच तपासून घ्यावा.

मुलांचा ताबा आणि त्यांचा खर्च यांबाबत न्यायालय मुलांचे हित पाहते. आईवडिलांनी आधी काय ठरवले होते, याने ते बांधले जात नाही. तुमच्या मुलीचा प्रश्न मात्र थोडा निराळा आहे. घर तिलाच मिळावे अशी इच्छा असेल, तर ते तुमची स्वतंत्र मालमत्ता राहील, असे करारात स्पष्ट लिहा आणि त्याच्या जोडीला मृत्युपत्रही करा. काही कायद्यांनुसार विवाह होताच आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. तेव्हा पूर्वी केलेले असले, तरी विवाहानंतर ते नव्याने करून घ्यावे.