‘याला चढतच नाही’ म्हणतात तेव्हा

ताई, तुम्ही विचारलंय की तुमचे वडील दारूने गेले, तुमचे आजोबाही पीत होते, मुलगा आता 16 वर्षांचा आहे आणि सासूबाई ऊठसूट म्हणतात, “रक्तातच आहे, आज ना उद्या हाही पिणार.” यात तथ्य किती?

माझे वडीलही दारूनेच गेले. मी स्वतः 14 वर्षं प्यायलो, आणि गेली 19 वर्षं थेंबाला शिवलेलो नाही. त्यामुळे हा प्रश्न मी फार जवळून पाहिलाय.

रक्तातून काहीतरी येतं, हे खरं आहे. डेन्मार्कमध्ये 1973 साली गुडविन आणि सहकाऱ्यांनी अशा मुलग्यांचा अभ्यास केला, ज्यांच्या आईवडिलांपैकी एकाला दारूचं व्यसन होतं, पण जे तान्हेपणीच दत्तक जाऊन परक्या घरी वाढले. त्यांतल्या 18 टक्क्यांना पुढे व्यसन लागलं. जन्मदात्यांना व्यसन नसलेल्या दत्तक मुलग्यांमध्ये हेच प्रमाण 5 टक्के होतं. फरक मोठा आहे, नाकारू नका. पण त्याच आकड्यात हेही आहे की 100 पैकी 82 जणांना व्यसन लागलं नाही. सासूबाईंच्या वाक्यात या 82 जणांना जागाच नाही.

मग येतं ते नेमकं काय? सॅन डिएगोचे मानसोपचारतज्ज्ञ मार्क शुकिट यांनी विशीतल्या तरुणांना मोजून दारू दिली आणि ती त्यांच्यावर किती परिणाम करते ते पाहिलं. किती नशा वाटते, उभं राहिल्यावर तोल किती जातो, असं सगळं. दहाएक वर्षांनी पुन्हा गाठ घेतली. व्यसनी बापांच्या ज्या मुलांवर विशीत दारूचा फारसा परिणाम झाला नव्हता, त्यांच्यातले 56 टक्के व्यसनात अडकले होते. ज्यांना लवकर चढली होती, त्यांच्यातले फक्त 14 टक्के.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ सुन्न बसून होतो. कॉलेजात आम्ही बसायचो तेव्हा चौथा पेग संपवून मी सगळ्यांना घरी सोडायला निघायचो. “याला चढतच नाही रे, पक्का आहे!” मित्र पाठ थोपटायचे. माझा धाकटा भाऊ एका ग्लासात लाल व्हायचा, ओकायचा आणि चकण्याच्या ताटाशेजारीच झोपायचा. त्याला सगळे ‘कच्चा’ म्हणून चिडवायचे. बाप एक, घर एक, मारही दोघांनी सारखाच खाल्ला. पण सख्ख्या भावांतही जनुकं साधारण निम्मीच सारखी असतात. त्याच्या शरीराने त्याला वेळीच थांबवलं. माझ्या शरीरात ती धोक्याची घंटा वाजायलाच उशीर व्हायचा, आणि भोवतालची माणसं त्यालाच मर्दानगी म्हणत होती. शरीर आईबापांकडून आलं होतं, शाबासकी मित्रांकडून. मला दोन्ही मिळून महागात पडलं.

समाजाचा रेटा किती असतो, याचं जपानचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. तिकडे पुष्कळ लोकांत एक जनुकीय फरक असतो. त्यामुळे दारूतून तयार होणारं विषारी द्रव्य शरीराबाहेर लवकर जात नाही. चेहरा लालबुंद होतो, धडधडतं, मळमळतं. हे निसर्गाचं कुंपणच म्हणायचं. जपानमधल्या व्यसनी रुग्णांत हा फरक एका पालकाकडून मिळालेले लोक 1979 साली 2.5 टक्के होते. 1986 मध्ये 8 टक्के झाले आणि 1992 मध्ये 13. तेरा वर्षांत जनुकं बदलत नाहीत. भोवतालचं पिणं बदललं की माणसं ते कुंपणही ओलांडतात. मात्र दोन्ही पालकांकडून तो फरक घेतलेला एकही रुग्ण त्यांत सापडला नाही, इतकी शरीराचीही ताकद असते.

आता तुमच्या मुलाबद्दल. त्याच्याशी आजोबा-पणजोबांबद्दल सरळ बोला. घरात मधुमेह असला तर आपण सांगतोच ना, तसंच. पहिला घोट जितका लांबेल तितकं बरं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत पंधराव्या वर्षाआधी सुरुवात केलेल्यांपैकी साधारण 40 टक्के लोक आयुष्यात कधीतरी व्यसनात सापडले होते, विसाव्या वर्षी किंवा त्यानंतर सुरुवात केलेल्यांपैकी साधारण 10 टक्के. यात घरचं वातावरण आणि मुलाचा स्वभावही मिसळलेला असणार, पण वय निदान आपल्या थोडंफार हातात आहे. गटारीला किंवा थर्टी फर्स्टला कुणी काका-मामा “घे रे एक घोट, मोठा झालास” म्हणून ग्लास पुढे करत असेल, तर तिथे तुम्ही वाईटपणा घ्या.

आणि सासूबाईंना एकदा बाजूला घेऊन सांगा की त्याच्या देखत ते वाक्य नको. आमच्याकडे आजी मला रोज म्हणायची, “बापावर गेलाय.” पहिल्यांदा प्यायलो तेव्हा मला अपराधी वाटलंच नाही. वाटलं, ठरलेलंच होतं.

माझा मुलगा 18 वर्षांचा झाला तेव्हा मी त्याला एवढंच सांगितलं : कधी प्यायलास आणि मित्र म्हणाले की तुला चढतच नाही, तर त्याच रात्री मला फोन कर. दोन वर्षांनी रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. “बाबा, म्हणाले.” मी स्कूटर काढून त्याला घ्यायला गेलो.